जुना डेस्कटॉप: पंखा फिरतो पण पडदा काळा. किनाऱ्यावरच्या घरात तपासणी कुठून सुरू करावी

गुहागर आणि आजूबाजूच्या वाड्यांतून मी २२ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. नवी मशीनं माझ्याकडे क्वचित येतात. येतात ती दहा, बारा, पंधरा वर्षं वापरलेली: शाळेच्या खोलीतली, लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानातली, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बागायतदाराच्या पडवीतली. तक्रार ठरलेली, "काल रात्री चांगलं चालत होतं, सकाळी बघतो तर पडदा काळा." त्यातली बरीचशी मशीनं मेलेली नसतात. खाऱ्या हवेनं एखाद्या जोडावर थर धरलेला असतो, नाहीतर तीस-चाळीस रुपयांचा सेल संपलेला असतो. पण घाबरलेला माणूस थेट मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) बदलायला निघतो. तो खर्च वाचावा म्हणून मी ज्या क्रमानं तपासतो तो क्रम इथे देतो.

आधी लक्षण ओळखा

"बंद पडलंय" एवढ्या एका शब्दात निरनिराळे आजार असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी. म्हणून बटण दाबा आणि मिनिटभर नुसतं बघा, ऐका.

काहीच होत नाही, ना दिवा ना पंखा: दोष विजेत, यूपीएसमध्ये, एसएमपीएसमध्ये (भिंतीतली वीज मशीनला चालेल अशी करून देणारा कॅबिनेटमधला डबा) किंवा खुद्द बटणात.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळा: बहुधा रॅम (बोर्डाच्या खाचेत बसणारी मेमरीची पट्टी), केबल किंवा मॉनिटर. माझ्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच.

दोन-तीन सेकंद चालू, मग बंद, परत आपोआप चालू: एसएमपीएस, प्रोसेसरजवळची चार पिनांची वायर, रॅम किंवा कुठेतरी शॉर्ट.

सकाळी चार-पाचदा बटण दाबल्यावर एकदाचं सुरू होतं आणि मग दिवसभर उत्तम चालतं: कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) थकलेत. थंड असताना त्यांचं काम अडतं, गरम झाले की चालून जातं. पावसाळ्यात याला दमटपणाची जोड मिळते.

अक्षरं येतात पण एफ१ दाबायला सांगतं, तारीख दहा-पंधरा वर्षं मागे गेलेली असते: मदरबोर्डवरचा सेल.

अक्षरं येतात आणि मग निळा पडदा किंवा "बूट डिव्हाइस सापडत नाही": बायॉसमधली (मशीन सुरू होताना आधी चालणारा, बोर्डातलाच छोटा प्रोग्रॅम) मांडणी किंवा हार्ड डिस्क.

मशीन चालतं, पण पडदा पिवळट, गुलाबी, थरथरता, किंवा दोन सेकंद दिसून काळा: मॉनिटर आणि त्याची केबल.

यात एक खूण फार उपयोगाची. पडदा काळा असताना मिनिटभर थांबून कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन आत जागं आहे, फक्त दिसत नाही. मग कॅबिनेट उघडायचं कारणच नाही, मॉनिटरकडे वळा. दिवा ढिम्म असेल तर दोष कॅबिनेटच्या आत आहे. ही एवढी परीक्षा न केल्यामुळे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतं. मॉनिटर बिघडलेला असतो आणि माणूस रॅम विकत घेऊन आलेला असतो.

इथेच हे जास्त का होतं

आगोटीला भरून ठेवलेल्या मिठाच्या बरणीला आषाढात पाणी सुटतं, तेच कॅबिनेटमध्ये होतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळू लागतं. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे हे मीठ बारीक धुळीबरोबर घरात आणतात. मशीनचा पंखा ती हवा आत ओढतो आणि धूळ बोर्डावर बसते. उन्हाळ्यात ती कोरडी असते, काही त्रास देत नाही. मृग लागला की तीच धूळ ओली होते. ओल्या खाऱ्या धुळीतून वीज थोडीथोडी भलतीकडे जाते, आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर, केबलच्या पिनांवर मळकट किंवा हिरवट थर धरतो.

म्हणून रोज चालणाऱ्या मशीनपेक्षा बंद पडून राहिलेलं मशीन इथे लवकर बिघडतं. चालू मशीनच्या उबेनं आतली हवा कोरडी राहते. चाकरमानी शिमग्याला येऊन गेले, घराला कुलूप लागलं, आणि थेट गणपतीला कॉम्प्युटरचं बटण दाबलं, तर ते पहिल्या दाबाला सुरू होईलच असं नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पहिली तपासणी: भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत. खर्च काही नाही

प्लग भिंतीतल्या पॉइंटमधून काढून तिथे टेबल फॅन लावून बघा. नुसता मोबाइलचा चार्जर लावू नका, कारण तो अगदी कमी व्होल्टेजवरही चालतो आणि फसवतो. पंखा मंद फिरत असेल तर व्होल्टेज पडलेलं आहे. संध्याकाळी सात ते दहा हे आमच्या वाड्यांतून होतं, आणि थकलेला एसएमपीएस तेवढ्यानंही सुरू व्हायला नकार देतो. अशा वेळी सकाळी पुन्हा बघा.

मग मधला यूपीएस काढून टाका. कॅबिनेटची वायर थेट भिंतीत लावा. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, आणि उतरलेल्या बॅटरीचा यूपीएस मशीन सुरू होण्याच्या क्षणीच माघार घेतो. कॅबिनेटकडची वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे ना, ती दुसऱ्या वायरनं बदलून बघता येते का, हेही बघा. मॉनिटरची वायर बहुधा तशीच असते, तीच लावून बघा.

मागच्या बाजूला एसएमपीएसवर एक छोटं काळं बटण असतं, ते चालू आहे ना? काही जुन्या एसएमपीएसवर लाल रंगाची सरकती खूण असते, ११५ आणि २३० लिहिलेली. ती २३० वरच असली पाहिजे. आपल्याकडे ती ११५ वर सरकवून वीज दिली की आतला भाग क्षणात फुटतो. लहान मुलं हात लावतील अशा जागी कॅबिनेट असेल तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावून टाका.

आता प्लग भिंतीतून काढा आणि पुढचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा. कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते आणि बोर्ड एखाद्या अर्धवट अवस्थेत अडकला असेल तर तो सुटतो. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, स्पीकर, इंटरनेटची वायर सगळं काढा. फक्त वीज, कीबोर्ड आणि मॉनिटर ठेवा. पेन ड्राइव्ह लावलेला राहिला म्हणून मशीन त्यातच विंडोज शोधत बसलंय, असं मी वर्षातून चार-पाच वेळा पाहतो.

मॉनिटर आणि केबल. खर्च शून्य, फार तर एक केबल

मॉनिटर चालू ठेवा आणि केबल फक्त कॅबिनेटकडून काढा. पडद्यावर "सिग्नल नाही" किंवा "केबल जोडा" अशा अर्थाची पाटी फिरायला हवी. पाटी नीट दिसली म्हणजे पडदा, त्याचा उजेड आणि त्याची वीज ठीक आहे. पाटीसुद्धा दिसत नसेल तर अंधारात मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरपी धरा. अंधूक अक्षरं दिसली तर चित्र येतंय, पण मागचा उजेड गेलाय. दोन सेकंद दिसून काळा होणारा पडदाही त्याच जातीचा. ही दुरुस्ती मॉनिटर उघडून करायची असते, घरी करू नका.

पाटी दिसते पण मशीनचं चित्र येत नाही, तर केबलच्या तोंडाकडे बघा. जुन्या निळ्या व्हीजीए केबलला १५ पिनांची जागा असते, तीन ओळींत. नववी पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते, तेव्हा मधल्या ओळीत एक जागा रिकामी दिसली तर ती मोडली असं समजू नका. वाकलेली पिन मात्र शोधा. रंगावरून कुठली ते कळतं: पांढरा पडदा पिवळा दिसला तर निळ्या रंगाची वाट तुटली, गुलाबी-जांभळा दिसला तर हिरव्याची, हिरवट निळा दिसला तर लालची. चिमट्यानं किंवा रिकाम्या रिफिलच्या नळीनं पिन हळूच सरळ होते. दोनदा वाकलेली पिन तिसऱ्या वेळी तुटते, तेव्हा केबल नवीनच घ्या.

कॅबिनेटच्या मागे चित्राची भोकं दोन ठिकाणी असतील, एक वर बोर्डावर आणि एक खाली आडव्या कार्डावर, तर केबल खालच्या कार्डाला लावायची. कार्ड असताना बोर्डावरचं भोक बहुतेक जुन्या मशीनमध्ये आपोआप बंद होतं. साफसफाईनंतर "डिस्प्ले गेला" म्हणून येणाऱ्या फोनांत हे कारण नेहमी निघतं.

कॅबिनेट उघडा आणि हात न लावता बघा

भिंतीतला प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. नुसतं स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत वायरिंग उलटं केलेलं असतं आणि स्विच बंद केला तरी फेज वायर पुढे जिवंत राहते. मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठे होती ते नंतर कामी येतात.

आता टॉर्चनं बघा. आमच्याकडे धुळीबरोबर पाहुणेही असतात. कुंभारीण माशी एसएमपीएसच्या जाळीत, कधी मागच्या रिकाम्या भोकात मातीचं घर बांधते. कुलूपबंद घरांत तर हमखास. काळ्या मुंग्या उबेसाठी बोर्डाखाली अंडी घालतात. पाल एसएमपीएसमध्ये शिरून मरते आणि जाताना तोही घेऊन जाते. दोन वर्षांपूर्वी पालशेतच्या एका घरातून आलेल्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरचा पंखा फिरतच नव्हता. पात्यांच्या मधोमध करंगळीएवढं मातीचं घर, इतकं नेटकं की आधी मला तो पंख्याचाच भाग वाटला. लाकडी काडीनं ते सोडवलं, पंखा फिरला, मशीन सुरू. घरमालकांना शहरातल्या एका दुकानात नवीन मशीन घ्यायला सांगितलं होतं.

धूळ मऊ ब्रशनं काढा. पंख्याची पाती बोटानं धरून मग पंपानं हवा मारा, नाहीतर पंखा उलटा भरधाव फिरून खराब होतो. तोंडानं मात्र फुंकू नका, थुंकीचा दमटपणा आत जातो.

याच वेळी बोर्डावरचे कपॅसिटर बघून घ्या, प्रोसेसरभोवती उभी असलेली छोटी पिंपं. त्यांची डोकी सपाट हवीत. डोकं फुगलं असेल, वरच्या फुलीच्या खाचेतून तपकिरी काही बाहेर आलं असेल, तर तुमचं निदान झालं. पुढचं काही करत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा. २००० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात जगभर निकृष्ट कपॅसिटर लागलेले बोर्ड विकले गेले होते, पण आपल्या उष्ण हवेत चांगलेसुद्धा काही वर्षांनी थकतात.

रॅम आणि पाच रुपयांचा खोडरबर

पंखा फिरतो पण पडदा काळा, या तक्रारीत माझा हात पहिल्यांदा इथेच जातो, आणि निम्म्याहून जास्त वेळा काम इथेच संपतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाईल. पावसाळ्यात ती फारशी नसते, पण थंडीत मतलई वाऱ्याच्या कोरड्या सकाळी असते. रॅमच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या कड्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. ती कडांना धरून उजेडात न्या. खालच्या सोनेरी पट्ट्या चकचकीत हव्यात. किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये त्या धुरकट, कधी टोकाला हिरवट ठिपक्यांच्या दिसतात. सोन्याचा थर फार पातळ असतो आणि त्याच्या बारीक छिद्रांतून खालचं तांबं खाऱ्या दमटपणाशी बोलू लागतं.

साधा पांढरा मऊ खोडरबर घ्या. शाईचा, खरखरीत निळ्या टोकाचा नको, तो सोनं खरवडतो. चिपच्या बाजूकडून कडेकडे, एकाच दिशेनं, हलक्या हातानं सात-आठ वेळा. दोन्ही बाजूंनी. हे बोर्डावर धरून करू नका, खोडरबराचा चुरा खाचेत गेला तर नवीन दुखणं. मग सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. ते नसेल तर कोरडं पुसा, पण हात धुवायचा सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. खोडरबर फिरवणं हा दर महिन्याचा उपासही करू नका. दर वेळी थोडं सोनं जातं, आणि उघडं पडलेलं तांबं आणखी लवकर खराब होतं.

रॅमची खाच मऊ कोरड्या ब्रशनं झाडा. एकच पट्टी घाला, दोन्ही कड्या टक् आवाज करून बसल्या पाहिजेत. अर्धवट बसलेली पट्टी ही दुरुस्तीनंतरची सर्वांत मोठी चूक. सुरू झालं तर दुसरी घाला. नाही झालं तर तीच पट्टी दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी पहिल्या खाचेत. एका वेळी एकच बदल करा आणि कागदावर लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार परत येईल.

बोर्डाला छोटा बझर असेल तर आणखी एक परीक्षा आहे. सगळी रॅम काढून मशीन सुरू करा. बोर्ड बीप करून ओरडला तर चांगली बातमी: प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत, रॅम नाही हे त्यांना कळतंय. बीपची भाषा बायॉस बनवणाऱ्यानुसार बदलते. एएमआय बायॉसमध्ये तीन छोटे बीप म्हणजे मेमरी, अवॉर्डमध्ये एक लांब आणि दोन छोटे म्हणजे डिस्प्ले. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर त्याच्या सोनेरी पट्ट्यांनाही हाच उपचार.

गोल सेल, आणि तो बदलल्यावर येणारा निळा पडदा

बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायॉसमधली मांडणी तो सांभाळतो. मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) २.८ च्या खाली दाखवला तर बदला. मीटर नसेल आणि सेल पाच वर्षांहून जुना असेल तरी बदला. लिहिलेली बाजू वर. बदलताना सेल काढून दहा मिनिटं तसंच ठेवा, प्लग अर्थातच काढलेला. बायॉसमध्ये काही बिघडलेलं असेल तर पुसलं जातं आणि काही वेळा गेलेला डिस्प्लेही त्यानं परत येतो.

तारीख मागे गेली की आणखी एक गंमत नसलेला घोळ होतो: इंटरनेटवरच्या बँकेच्या, सरकारी साइट "सुरक्षित नाही" म्हणतात. त्यांची प्रमाणपत्रं आजच्या तारखेची, तुमचं मशीन २००९ मध्ये. तारीख नीट केली की तक्रार संपते.

पण सेल गेल्यावरचा खरा घात दुसराच. गेल्या एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या धावपळीत, एका बागायतदारांचा फोन आला. सेल त्यांनी स्वतः बदलला होता, आणि आता विंडोजचं चित्र येऊन लगेच निळा पडदा येत होता. खाली शेवटी ७बी असा आकडा. चार वर्षांची उधारी, कोणाकडे किती पेट्या गेल्या ते सगळं त्यात. कोणीतरी सांगितलं होतं की हार्ड डिस्क फॉरमॅट करावी लागेल. मी त्यांना म्हटलं, "काका, काही करू नका, मी येतो." बायॉसमध्ये गेलो. सेल संपल्यावर सगळी मांडणी कारखान्यातल्यासारखी झाली होती, आणि हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआय होती ती आयडीई झाली होती. विंडोज ज्या पद्धतीवर बसवलं ती बदलली की ते डिस्क वाचू शकत नाही. साटा मोडसमोर एएचसीआय निवडलं, एफ१० दाबून जतन केलं, विंडोज उघडलं. काकांनी आधी वही काढून शेवटच्या नोंदी पडताळून पाहिल्या, मग पाणी प्यायले.

तेव्हा सेल बदलल्यानंतर निळा पडदा आला तर आधी ही एक ओळ बघा. उलटही होतं: मूळ आयडीई असेल तर तिकडे वळवा. "बूट डिव्हाइस सापडत नाही" आलं तर बूटच्या क्रमात हार्ड डिस्क पहिली आहे ना ते बघा, आणि डिस्कची चपटी लाल किंवा काळी साटा केबल दोन्ही टोकांना काढून घाला. फॉरमॅट हा शब्द कोणी उच्चारला तर मशीन उचलून घरी आणा.

बटण, उष्णता आणि एसएमपीएस

काहीच होत नसेल आणि बोर्डावरचा छोटा हिरवा दिवा मात्र लागलेला असेल, तर पुढचं बटणच गंजलेलं असू शकतं. बटणाची वायर बोर्डाच्या ज्या दोन पिनांवर बसते, ती काढून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडा. सुरू झालं तर दोष बटणात. रीसेटची वायर त्या पिनांवर लावून काम भागवता येतं. पिना कुठल्या ते नक्की माहीत नसेल तर हे सोडा.

सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडणारं मशीन बहुधा तापतं. प्रोसेसरवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा हलतो का बघा. त्याच्या चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांपैकी एक जरी सुटला तरी ठोकळा एका बाजूनं उचलला जातो. उष्णता ठोकळ्याकडे नेणारी खालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर जुनी पूर्ण पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवीन लावायची.

एसएमपीएस तपासायची सर्वांत बरी रीत म्हणजे चालू असलेला दुसरा एसएमपीएस लावून बघणं. शाळेत, ऑफिसात दुसरं मशीन असतंच. जाडा चोवीस पिनांचा जोड आणि प्रोसेसरजवळचा पिवळ्या-काळ्या वायरांचा चार पिनांचा जोड, दोन्ही लावा. दुसरा विसरला तर पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. मल्टिमीटर वापरता येत असेल तर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत, तेही मशीन चालू असताना.

एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ टिकते.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात

ही तक्रार वेगळी सांगतो, कारण लोक ती वर्षानुवर्षं सहन करतात. एसएमपीएसच्या आत पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. ते थोडी वीज अर्थिंगमध्ये सोडण्यासाठीच असतात. अर्थिंगच नसेल तर ती पत्र्यावर साठते आणि तुमच्या बोटातून जाते. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत हे जास्त. मार्च-एप्रिलमध्ये जांभा कोरडाठाक होतो, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि वीज जमिनीत जायला तयार नसते. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून फरक पडतो का बघा. पडला तर खड्डा मीठ-कोळसा घालून नीट करायला हवा आणि ते काम वायरमनचं. अर्थिंग नसलेल्या घरात मशीनच्या आत उघड्या हातानं काम करू नका आणि इतरांनाही करू देऊ नका.

इथे थांबा आणि जाणत्या माणसाला बोलवा

जळका वास, धूर किंवा फट् आवाज आला असेल तर पुन्हा "एकदा बघू" म्हणून वीज देऊ नका. दुसऱ्या खेपेला एसएमपीएस बोर्डालाही सोबत नेतो.

हार्ड डिस्क कट्-कट् असा ठराविक आवाज करत असेल तर त्याच क्षणी बंद. आतलं वाचणारं डोकं बहुधा बिघडलेलं असतं, आणि चालू राहण्याच्या प्रत्येक मिनिटाला फोटो, हिशेब खरवडले जातात. हे काम साध्या दुरुस्तीवाल्याचंही नाही, मी स्वतः असा माल डेटा काढणाऱ्यांकडे पाठवतो.

फुगलेले कपॅसिटर बदलता येतात, पण क्षमता तीच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि १०५ अंशांचे कमी रोधाचे लागतात. कित्येक थरांच्या बोर्डावर डाग देणं (सोल्डरिंग) हे रेडिओच्या डागासारखं सोपं नाही. जुना खोक्यासारखा काचेचा मॉनिटर तर मागून उघडूच नका, त्याच्या नळीवर हजारो व्होल्ट असतात.

पुराचं पाणी लागलेलं मशीन सुरू करून बघू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर माझ्याकडे चार कॅबिनेट आली. दोघांनी वाळल्यासारखं वाटलं म्हणून बटण दाबलं होतं, त्यांचे बोर्ड गेले. दोघांनी तसंच आणून दिलं, त्यांच्या डिस्क धुऊन-सुकवून पुढे पाठवता आल्या आणि कागद परत मिळाले. पुराचा गाळ आतल्या आत वाहक असतो, वरून कोरडा दिसला तरी.

बोलावताना चार गोष्टी सांगा: वरच्या लक्षणांपैकी कुठलं, कधीपासून, आदल्या दिवशी वीज गेली किंवा कडाडली होती का, आणि तुम्ही काय काय काढून घातलं. काही चुकलं असेल तर तेही सांगा, त्यानं माझा तास वाचतो आणि तुमचे पैसे.

दुरुस्तीचा खर्च जुन्या मशीनच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल आणि त्यात फक्त फोटो-हिशेब असतील, तर मी बोर्डावर पैसे घालू देत नाही. डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालतो आणि दुसऱ्या मशीनला लावून देतो. पण जुन्या फॉन्टांवर, जुन्या परवान्याच्या कीवर (लायसन्स की) चालणारं छपाईचं काम त्यावर असेल तर ते मशीन जपण्यासारखं आहे. त्याला इंटरनेट लावू नका, कारण मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ साठीच्या सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबवल्या. कामाची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या डिस्कवर घ्या. मृगापासून दसऱ्यापर्यंत काम असो-नसो, रोज तासभर मशीन चालू ठेवा, बंद केल्यावर अर्धा तास तरी प्लॅस्टिकचं आवरण घालू नका, आणि ढग गडगडायला लागले की विजेच्या प्लगबरोबर इंटरनेटची वायरही काढा.